घरातला लाल्या

उर्वशी मनवरला त्या वर्षी वाचा फुटली. त्याआधी ती मुकी होती असं नाही, पण आठवीपर्यंत बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी तिच्या घशात आवंढा अडकायचा. नववीत कळंबला वक्तृत्व स्पर्धा होती. बोलणारी पोरगी ऐनवेळी तापानं फणफणली आणि बाईंनी "तुले पाठ हाय ना, मंग राह्य उभी" म्हणत हिलाच पुढं ढकललं. उर्वशी उभी राहिली आणि अशी सुटली, अशी सुटली की घंटा वाजली तरी थांबेना. पहिला नंबर आला. दोन कानांचा चकचकीत कप मिळाला. त्या दिवसापासून एसटीत कंडक्टरशी हुज्जत घालायला उर्वशी, दुकानात "भाऊ, काटा नीट धरा" म्हणायला उर्वशी, वर्गात फळ्यापाशी जायलाही उर्वशीच.

"पह्यले बोलत नव्हती तं बरं होतं वं," तिची माय तुळसाबाई शेजारच्या शकुबाईला म्हणायची. "आता हिच्या तोंडाले बूच लावाले कोन येईन?"

"लगीन लावून दे, नवरा लावते बूच," शकुबाई म्हणायची.

"नवऱ्यालेच बूच लावीन मी!" उर्वशी आतून ओरडायची, आणि मग तिघी हसायच्या. पण ते हसणं लवकर विझायचं. घरात मोठ्यानं हसणारा माणूसच नव्हता ना आता. उर्वशीचा थोरला भाऊ, अतुलदादा, मिरगाच्या तोंडावर घर सोडून पुण्याला गेला होता.

झालं असं होतं की आदल्या वर्षी त्यांच्या वावरात लाल्या आला. कापूसवाल्यांना लाल्या सांगावा लागत नाही, पण ज्यांच्याकडे कापूस नसेल त्यांनी एवढंच समजावं की ऐन बोंडं भरायच्या दिवसांत पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पानं कडेकडेनं तांबडी व्हायला लागतात. आठवडाभरात हिरवं वावर लाल होऊन जातं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय सुंदर! जवळ गेलं की कळतं, बोंडं बोराएवढीच राहिलीत आणि आतला कापूस चिमटीत मावत नाही. त्या काळात जिल्ह्यात घरोघर हेच. पेपरवाले यायचे, गाडीतून उतरून वावराचे फोटो काढायचे आणि पाणीसुद्धा न पिता जायचे.

उर्वशीचे बाबा भीमराज ती दुसरीत असताना काविळीनं गेले. तेव्हापासून वावर तुळसाबाईनंच ओढलं. वखरण्यापासून वेचणीपर्यंत. त्यामुळं पेरणीच्या आधी अतुल जेव्हा म्हणाला, "माय, यंदा कापूस नको, सोयाबीन टाक, नाहीतर दुसऱ्याले बटईनं दे अन् चाल माह्यासंग," तेव्हा तिला वाटलं पोरगा आपल्या सगळ्या वर्षांवरच पाणी ओततो आहे.

"तुह्या बापानं कापूसच लावला," ती म्हणाली. "मीबी कापूसच लावीन."

"लाव मंग! पुन्हा लाल्याच पाहाचा असन तं पाह्य डोये भरून!"

ताटात भाकर तशीच टाकून तो उठला. तुळसाबाईनं हाक मारली नाही. तो गेला. पुण्याच्या बाहेर एका मोठ्या नर्सरीत कामाला लागला. तिथं म्हणे जाळीच्या घरांत नुसती पानांचीच झाडं वाढवतात. फूल नाही, फळ नाही, शहरातल्या लोकांनी दिवाणखान्यात ठेवायची. तुळसाबाईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "खाचं ना प्याचं, नुसतं पाहाचं! आन् अशासाठी यानं वावर सोडलं." त्यानंतर तिनं त्याचं नाव घेणं टाकलं. बोलायची वेळ आलीच तर 'तो पुण्याचा'.

उर्वशी मात्र त्याच्याशी बोलायची. आर्णीला शाळेच्या समोरच्या दुकानात लाल रंगाचा कॉईन बॉक्स होता. रुपया टाकला की मिनिटभर बोलता यायचं आणि मग टूं टूं टूं. एका रुपयात रडणं परवडत नाही. त्यामुळं उर्वशी फक्त चांगलं सांगायची, तेही धापा टाकत. माय बरी हाय. गोऱ्हा मोठा झाला. मले कप भेटला. दादा हसायचा. त्याचं हसणं ऐकायलाच तर ती रुपया वाचवायची.

पोळ्याच्या सुमारास झाड आलं.

ते आणलं तांड्यावरच्या बाबूसिंगनं. तो पुणे-यवतमाळ ट्रॅव्हल्सवर क्लीनर होता आणि तुळसाबाईला आपल्या बोलीत याडी म्हणायचा, म्हणजे आईच. अंगणात आला तो खोकं छातीशी धरून, जसं काही तान्हं लेकरू आहे.

"याडी, घे तुह्या पोराची पोरगी! रातभर हिले खिडकीची सीट देल्ली अन् मी उभा. ड्रायव्हर म्हने, तिकीट फाड हिचं."

"काय हाय त्यात?" तुळसाबाईनं विचारलं. विचारलं तेव्हा तिच्या आवाजात काहीतरी हललं होतं, उर्वशीनं ते बरोबर ऐकलं.

"अतुलनं स्वतःच्या हातानं वाढवलं म्हने. पह्यलं झाड त्याचं. मालकाजोळून मागून घेतलं. सावलीत ठेवा, उन्हात नका ठेवू, अन् मायले म्हणा घरात ठेव, समोरच्या खोलीत. एवढा निरोप."

उर्वशीनं सुतळी तोडली, खोकं उघडलं, आणि सगळे वाकले. पानं तळहाताएवढी, पातळ, कापडासारखी. कडा हिरव्या आणि मधलं सगळं लालभडक. नसासुद्धा लाल. उजेड पानातून आरपार येत होता.

"अगं माय गं," उर्वशी कुजबुजली.

तुळसाबाई मात्र मागं सरकली होती. पदर तोंडाशी धरून ती पानांकडं पाहत राहिली आणि मग हळू, अगदी हळू म्हणाली, "लाल्या पाठवला त्यानं मले."

"नाही वं माय! शोभेचं झाड हाय ते. कॅलेडियम म्हनतात त्याले. पुण्यात लोक पैसे देऊन घेतात."

"पैसे देऊन लाल्या घेतात?" शकुबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "मंग गेल्या साली आपल्या वावरात चार-पाच ट्रक माल पडून होता, सांगाचं होतं त्याहिले."

बाबूसिंग हसला, उर्वशीही हसली, तुळसाबाई हसली नाही. "जाताना बोलून गेला होता, पाह्य लाल्या डोये भरून. आता घरातच पाठवून देल्ला. चांगलं केलं." आणि ती विळा घेऊन वावरात निघून गेली.

उर्वशी गप्प बसणारी असती तर झाड त्याच दिवशी अंगणाबाहेर गेलं असतं. पण तिला वाचा फुटलेली होती ना! तिनं रंगाची रिकामी बादली घासली, बाहेरून सोनेरी कागद चिकटवला, त्यावर आपल्या पाकिटातल्या लाल-हिरव्या टिकल्या ओळीनं लावल्या, नर्सरीची काळी कुंडी त्यात बसवली आणि समोरच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली, स्टुलावर मांडली. अशी मांडली की दारातून येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं.

संध्याकाळी तुळसाबाईनं बादली उचलली आणि दारामागं नेऊन ठेवली. सकाळी उर्वशीनं पुन्हा स्टुलावर. दुपारी पुन्हा दारामागं. हा खेळ किती दिवस चालला कोण जाणे, पण एक दिवस उर्वशी शाळेतून आली तर झाड ना स्टुलावर, ना दारामागं. तिनं घरभर शोधलं. पाहते तर ते रांजणापाशी. खाली ओली वाळू, वरून खिडकीचा आडोशाचा उजेड, आणि रांजणाच्या ओलाव्यानं तो कोपरा कायम गार.

"इथी कोनं ठेवलं?"

"तथी झोत लागते वाऱ्याचा," तुळसाबाई पीठ मळता मळता म्हणाली. "पानं पाह्य किती पातळ हायत. जीव पाणी पाणी करत असन त्याचा."

उर्वशी त्या रात्री उड्या मारतच झोपली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रुपया टाकला. "दादा! मायनं रांजणापाशी ठेवलं झाड! स्वतः ठेवलं!"

पलीकडं दादानं नाक ओढल्याचा आवाज आला. "पाणी देते?"

"रोज! पदरानं पानं पुसते!"

हे तेव्हा खरं नव्हतं. पण आठवडाभरात खरं झालं. उर्वशीनं डोळ्यांनी पाहिलं, माय पदराचा शेव ओला करून एकेका पानावरची धूळ काढत होती, खालून हात लावून, जसं तापल्या लेकराचं कपाळ पुसतात. नवं पान यायचं तेव्हा विडीसारखं गुंडाळून यायचं, आणि तुळसाबाई सकाळी उठल्या उठल्या पाहायची, उलगडलं का. कधी पानाच्या टोकाला पहाटेचा थेंब लोंबकळत असायचा. "पाह्य वं उर्वशे," ती म्हणायची, "घाम आला त्याले." शकुबाई आली की चिडवायची, "काय म्हणते तुह्यी नात?" आणि तुळसाबाई म्हणायची, "नात कायची, सून हाय. माह्या पोराले पुण्यात ठेवून घेतलं इनंच." पण हे म्हणताना ती झाडाकडं पाहून हसायची. शकुबाईनं ते पाहिलं नाही, उर्वशीनं पाहिलं.

दसऱ्यानंतर वावरात पुन्हा लाल्या आला.

त्या दिवशी तुळसाबाई वावरातून आली, पाय न धुताच रांजणापाशी बसली. उर्वशी अभ्यास करत होती, तिनं वर पाहिलं नाही, पण कान तिकडंच. माय झाडाशी बोलत होती. "तूबी लाल, तेबी लाल. तू मातर जगून राह्यली माय. त्यानं जगवली तुले." मग थोड्या वेळानं, "खरं बोलला होता तो. मले ऐकाले पाह्यजे होतं."

उर्वशीला वाटलं, उठावं, मायच्या गळ्यात पडावं, आत्ताच्या आत्ता आर्णीला पळत जावं आणि कॉईन बॉक्समध्ये ओंजळभर रुपये ओतावे. सकाळी तिनं दादाला सांगितलंही. सांगताना मात्र लाल्या गाळला. एका रुपयात लाल्या कशाला? तिनं एवढंच सांगितलं की माय म्हणते, अतुल खरं बोलला होता.

"खरंच असं म्हणली?"

"तुह्या झाडाची आन!"

दिवाळीला मात्र त्याला सुट्टी मिळाली नाही. शहरातले लोक दिवाळीतच झाडं घेतात म्हणे.

थंडी पडली आणि पहिलं पान कलंडलं. देठ मऊ झाला, पान पिवळं पडून मातीला टेकलं. तुळसाबाई म्हणाली, जुनं असन. मग दुसरं. मग एकाच वेळी दोन. नवी विडी यायची थांबली. तुळसाबाईनं झाड रांजणापासून उचलून चुलीजवळ उबेला नेलं. मग उन्हाच्या कवडशात ठेवून पाहिलं. शेणाचं पाणी पातळ करून घातलं. रात्री त्याच्यावर भीमराजच्या जुन्या मफलरचं टोपरं केलं. उर्वशीला हसू आलं होतं त्या मफलरचं, पण मायचं तोंड पाहून ते ओठांतच राहिलं. एवढ्या वर्षांची कापूसवाली बाई, पानाच्या रंगावरून कीड ओळखणारी, आणि तिला या एका झाडाचं काही कळेना.

"दादाले विचारू का?" उर्वशीनं विचारलं.

"नको!" माय एकदम ओरडली. मग आवाज उतरला. "त्याचं पह्यलं झाड हाय ते. माह्या हातात येऊन मरून राह्यलं, असं सांगशीन त्याले? नोको सांगू. मी पाह्यतो काय होते ते."

म्हणून उर्वशीनं विचारलं नाही. नुसतं विचारलं नाही असंही नाही. दादा विचारायचा, "कसं हाय झाड?" आणि तिच्या तोंडून फटकन निघायचं, "मस्त! पाच नवी पानं!" कप मिळवलेलं तोंड ते. एकदा सुटलं की थांबतं थोडंच? एकदा दादा म्हणालाही, "थंडीत नवी पानं? नवल हाय." ती म्हणाली, "घरात ऊब हाय ना दादा!" टूं टूं टूं.

संक्रांतीनंतर वावरातली पऱ्हाटी उपटायचं काम निघालं. वेचणी संपली की वाळली झाडं उभी ठेवत नाहीत. लांब लोखंडी चिमट्यानं मुळासकट उपटायची, ढीग घालायचे, वर्षभराचं सरपण. मेलेलं झाड उभं राहिलं की पुढच्या पिकाची कीड त्यातच राहते, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक. तुळसाबाई सकाळपासून उपटत होती. हात सोलून निघाले होते. घरी आली तर रांजणापाशी शेवटचं पान मातीवर पडलेलं, कागदासारखं.

उर्वशी शाळेतून आली तेव्हा बादली उकिरड्यापाशी धुऊन पालथी घातलेली होती. सोनेरी कागद भिजून सुटला होता, टिकल्या गळून उकिरड्यात चमकत होत्या.

"माय? झाड?"

"उपटलं." तुळसाबाई उंबऱ्यात बसली होती, सोललेले हात मांडीवर उपडे ठेवून. "मेलेलं घरात ठेवू नाही. माती झटकून उकिरड्यावर टाकलं." मग तिनं हात उलटून सोललेले तळवे पाहिले. "ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी त्याले लाल्या म्हनलं होतं. झाडालेबी ऐकू येत असन वं."

उर्वशीनं भाषणात शंभर लोकांना रडवलं होतं. इथं ती नुसती मायच्या शेजारी उंबऱ्यात बसली.

होळी झाली. तांड्यावरच्या भावसिंगची बैलगाडी मोकळी होती म्हणून तुळसाबाईनं यंदा उकिरडा लवकर उपसला. गाडीमागून गाडी खत वावरात गेलं, ढीग पडले, फावड्यानं पसरून झाले. अंगणाच्या कोपऱ्यात नुसता खड्डा राहिला.

आणि मग कॉईन बॉक्सवर दादा म्हणाला, "उर्वशे, जयंतीले येऊन राह्यलो मी. मायले सांग. अन् आयक, कायमचाच येतो काय पाह्यतो. मालक म्हने तू कंद कापाले शिकला, आता तुह्यं तू कर. आर्णी रोडले लागून आपलं वावर हाय. जाळी लावू. मायचा हात गुणाचा हाय, तिनं माह्यं झाड थंडीत फुलवलं, तिच्याएवढं नर्सरीत कोनाले येत नाही. आपल्या झाडाच्या कंदापासूनच सुरू करू, एकाचे चार."

उर्वशीच्या हातात दुसरा रुपया तयार होता. आज सांगायचंच म्हणून आणलेला. तिनं तोंड उघडलं. पलीकडं दादा इतका आनंदानं श्वास घेत होता की तो फोनमधून तिच्या गालाला लागल्यासारखा वाटला. ती म्हणाली, "लवकर ये." दुसरा रुपया तिनं खिशात घातला.

जयंतीच्या दिवशी गल्लीत निळ्या पताका, लाऊडस्पीकर, घरोघर खीर. अतुल बाबूसिंगच्या ट्रॅव्हल्सनंच उतरला. अंगावर नवा निळा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत एकात एक बसवलेल्या मातीच्या चार कुंड्या. तुळसाबाई दारात होती. त्यानं वाकून पाय धरले. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही, बराच वेळ. उर्वशीला वाटलं, झालं, आता झाडाचं काय घेऊन बसायचं, झाड मेलं तर मेलं!

समोरची खोली भरलेली होती. शकुबाई, तिची माणसं, बाबूसिंग, गल्लीतल्या चार बाया, सगळ्यांच्या हातात खिरीच्या वाट्या. अतुल आत आला, फोटोंना हात जोडले आणि त्याची नजर खाली स्टुलावर गेली. तिथं वक्तृत्वाचा कप होता. मग रांजणापाशी. तिथं काहीच नव्हतं.

"माय, कुंडी कुठी हाय?"

तुळसाबाईच्या हातात पळी होती. ती थांबली.

"कंद, माय. झोपला असन ना आता? का उठला?"

"कायचा कंद?"

"झाडाचा. थंडीत पानं गाळते ते. उर्वशी म्हनली तुह्याजोळ गाळलेच नाही, पण उशिरा तरी गाळन. खाली कंद राह्यते, अद्रकीसारखा. मेल्यासारखा दिसते, पण मेला नसते, झोपलेला असते. मिरगाच्या आगोदर उठते पुन्हा."

खोलीत कोणी वाटी खाली ठेवली, त्याचा आवाज झाला. तुळसाबाई उर्वशीकडं पाहत होती, मग आपल्या हातांकडं. उर्वशीला दिसत होतं, मायच्या तोंडाशी सगळं आलेलं आहे. मफलर, शेणाचं पाणी, उंबऱ्यातली ती संध्याकाळ. फक्त बाहेर पडायचं होतं.

आणि शकुबाई हसत हसत म्हणाली, "अरे पोरा, तो तं कवाच उकिरड्यावर गेला! तुह्या मायनं उपटून फेकला, मी पाह्यलं ना. लाल्या घरात कोन ठेवते?"

सगळे हसले. बाबूसिंगही हसला.

"फेकलं, माय?" अतुलनं विचारलं. तो हसत नव्हता.

चार माणसांदेखत एका पोरानं जाब विचारलेला. आणि आत काय चाललंय ते पोराला कळू द्यायची सवय तुळसाबाईला कधी नव्हतीच. तिची मान ताठ झाली. "हो, फेकलं," ती म्हणाली. "लाल्या घरात ठेवत असतेत काय?"

अतुल उर्वशीकडं वळला. पाच नवी पानं. पदरानं पुसते. खरं बोलला होता तो म्हणते. हे सगळं त्याच्या डोळ्यांत होतं, आणि तो एकेक गोष्ट खोटी पडताना पाहत होता, खरी होती तीसुद्धा. आता बोल, उर्वशी स्वतःला म्हणाली. बोल की! तिनं तोंड उघडलं. घशात आठवीतला आवंढा येऊन बसला होता.

"बरोबर हाय," अतुल म्हणाला. "लाल्या कोन ठेवन घरात." त्यानं खीर घेतली, चांगली झाली म्हणाला, सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला. भांडण नाही, रुसवा नाही. तुळसाबाईनं भाकरी बांधून दिल्या, त्यानं त्या पिशवीत ठेवल्या. "येतो माय," म्हणाला. नर्सरीचं, जाळीचं, काहीच बोलला नाही. मातीच्या चार कुंड्या खाटेखाली तशाच राहिल्या, एकात एक.

तो वळणाआड गेल्यावर तुळसाबाईनं विचारलं, "झोपते म्हने?"

"हो."

"अद्रकीसारखा म्हने. होतं वं काहीतरी मातीत. हाताले लागलं होतं. मी म्हटलं मुळाचा गड्डा असन." ती उठली, अंगणाच्या कोपऱ्यात उकिरड्याच्या रिकाम्या खड्ड्यापाशी गेली, उकिडवी बसली आणि बोटांनी कोरडी माती उकरायला लागली. उर्वशी तिच्या शेजारी बसली. दोघी उकरत होत्या. पण खत तर केव्हाच वावरात गेलं होतं.

उर्वशीनं फोन केला. या वेळी रुपयांची पुरचुंडी घेऊन गेली. सगळं सांगितलं. मफलर सांगितला, चुलीची ऊब सांगितली, 'नोको सांगू त्याले' सांगितलं, आपली पाच पानं सांगितली. एकामागून एक रुपया टाकत गेली. पलीकडं दादा 'हं' सुद्धा म्हणत नव्हता. मग टूं टूं टूं झालं. शेवटचा रुपया संपला होता की दादानं फोन ठेवला होता, हे कळायला काही मार्ग नव्हता. दुकानदार म्हणाला, "पोरी, बाजूले हो, दुसऱ्याले बोलू दे."

त्या वर्षीही तुळसाबाईनं कापसाचंच बी टोबलं. निंदणाला बाया लावल्या तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं चालत होती आणि मागं वळून वळून सांगत होती, "लाल पान दिसलं तं उपटू नका. मले हाक मारजा."

"आता लाल्या राखते काय वं?" शकुबाईनं हसून विचारलं. तुळसाबाई पुढच्या ओळीत वाकली. तेव्हा शकुबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि तीही शेजारच्या ओळीत वाकली.

रविवारी उर्वशी सोबत गेली. पऱ्हाटीची एक ओळ माय, एक ओळ ती, दोघी वाकून चालत होत्या. चार बोटांची हिरवी पऱ्हाटी, त्यात तण, त्यात ढेकळं. जन्मभर लाल पानाला भ्यालेली बाई प्रत्येक रोपाखाली हात घालून लाल पान शोधत होती. मध्येच ती थांबली. मातीत काहीतरी चमकलं होतं. टिकली. बादलीवरची लाल टिकली, एका कडेला अजून सोनेरी कागद चिकटलेला.

"इथी पडलं खत," तुळसाबाई म्हणाली. "इथीच कुठंतरी असन."

दोघींनी बोटांनी माती भुसभुशीत केली, खोल, कोपरापर्यंत. काही लागलं नाही. एक खडा, कोळशाचा तुकडा, पऱ्हाटीचं जुनं मूळ. तुळसाबाईनं माती पुन्हा वर ओढली, तळव्यानं थापली, तुराटीची एक काडी मोडून तिथं रोवली आणि टिकली पदराच्या गाठीत बांधली.

भावसिंग तण काढायच्या डवऱ्याचे बैल घेऊन आला तेव्हा ती काडीपाशी उभी होती. "इथून वळव," ती ओरडली.

"काहून, याडी? मधातच?"

"वळव म्हनलं ना."

त्यानं बैल वळवले. काडीभोवती परातीएवढी जागा डवऱ्याविना राहिली. पुढं तिथं गवत वाढलं, तुळसाबाईनं तेही उपटू दिलं नाही. न जाणो, त्याखाली काही झोपलं असेल.